गच्ची नसलेलं टेरेस हाउस आणि त्याची ठेवण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडनच्या इझ्लिंग्टनमध्ये १८२०च्या दशकातलं, तळघर धरून चार मजल्यांचं टेरेस हाउस तुम्ही घेतलंय. घर ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत आहे. तळमजल्यावरच्या पुढच्या आणि मागच्या खोलीमधली भिंत पाडून तिथे एक मोठं किचन करायचंय, सगळ्या खिडक्यांना डबल ग्लेझिंग, म्हणजे दुहेरी काच, हवंय आणि छपरात मुलांसाठी एक खोली काढायचीय. कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरने, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या अधिकाऱ्याने, तिन्ही गोष्टींना एकच उत्तर दिलं, घराच्या ‘कॅरेक्टर’ला बाधा येते. तुमचा वैताग शब्दाशब्दांत दिसतोय: “सपाट विटांची भिंत आहे, ना नक्षी ना खांब. यात जपायचं ते काय?”

गेली वीसेक वर्षं मी इथे अशाच घरांची दुरुस्ती करतो. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, आणि इंग्रज मालकही अगदी याच चिडक्या सुरात विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्याकडे टेरेस म्हटलं की गच्ची. इथल्या टेरेस हाउसला बहुधा गच्चीच नसते. टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लावून एका रेषेत उभी केलेली घरांची रांग, पुण्यात आपण ज्याला रो-हाउस म्हणतो तेच. दुसरा शब्द कॅरेक्टर. त्याचं ‘चारित्र्य’ केलं तर घराची वर्तणूक तपासायला पोलीस बोलवावे लागतील. मी घरी समजावताना ‘ठेवण’ म्हणतो. चेहऱ्याची ठेवण चांगली आहे असं आपण म्हणतो तेव्हा दागिने मोजत नाही. कपाळ केवढं, नाक कुठे सुरू होतं, डोळ्यांत अंतर किती, यावर ते ठरतं. नथ काढून ठेवली तरी ठेवण जात नाही, पण डोळे दोन बोटं खाली सरकवले तर कितीही दागिने घाला, उपयोग नाही. तुमचं घर नथ न घातलेलं आहे. तुमच्या तीनपैकी दोन मागण्या मात्र थेट डोळ्या-नाकाला हात घालतात.

मी तुमचं घर पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं थोडं सांभाळून घ्या. आत मूळचं किती शिल्लक आहे यावर बरंच अवलंबून असतं. इझ्लिंग्टनमधली अशी कितीतरी घरं विसाव्या शतकात एकेका खोलीने भाड्याने गेली, मग त्यांचे फ्लॅट झाले, मग कुणीतरी पुन्हा एक घर केलं. या उलाढालीत भिंती, दारं, शेकोट्या उडालेल्या असू शकतात. दुसरं म्हणजे रांगेतल्या बाकीच्या घरांचं काय झालंय हे बघावं लागतं. तिसरं, गाव. ब्रायटनमध्ये त्याच काळातली घरं गोलाकार पोट पुढे काढलेली आणि गिलाव्याने मढवलेली दिसतात. त्या गुळगुळीत गिलाव्यामागे अनेकदा गारगोटी, विटांचे तुकडे आणि चुना यांचा ‘बंगरूश’ नावाचा खिचडा असतो. त्यात खिळा ठोकतानाही विचार करावा लागतो. बाथ किंवा एडिंबराची घरं दगडी. मी बोलतोय ते लंडनच्या विटांच्या घराबद्दल.

आता ते घर असं सपाट का दिसतं ते सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. ही घरं आगीच्या भीतीतून घडली आहेत. १६६६ साली लंडन जळालं. त्यानंतर शंभरेक वर्षांत एकामागून एक कायदे आले आणि प्रत्येकाने दर्शनी भागावरचं थोडं थोडं लाकूड काढून घेतलं. १७०७च्या कायद्याने छपराखालच्या लाकडी कॉर्निसवर, म्हणजे पुढे आलेल्या पट्टीवर, बंदी आली, म्हणून भिंत छपराच्या वर चढली आणि छप्पर कठड्यामागे दडलं. १७०९ साली खिडकीची चौकट विटेच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला सांगितलं. १७७४च्या बिल्डिंग अ‍ॅक्टने वरखाली सरकणाऱ्या खिडकीला दोरीने तोलून धरणारी वजनं ज्या खोक्यात असतात ते अख्खं खोकंच विटेमागे लपवायला लावलं. त्यामुळे बाहेरून दिसते ती लाकडाची एक बारीक कड आणि काच, बस्स. म्हणजे ज्या सपाटपणाला तुम्ही कंटाळला आहात, तो बिल्डरच्या कंजुषीतून आलेला नाही. एका शहराने ठेच खाऊन अंगी बाणवलेलं ते शहाणपण आहे. त्यावर नंतर फॅशननेही शिक्का मारला आणि लोकांना तेच आवडू लागलं.

१७७४च्या कायद्याने आणखी एक केलं. घरांचे किंमत आणि जमिनीवरचं क्षेत्रफळ यांनुसार चार दर्जे पाडले आणि प्रत्येक दर्जाला सामाईक भिंत किती जाड हवी ते ठरवून दिलं. पहिला दर्जा म्हणजे ८५० पौंडांच्या वरचं आणि ९०० चौरस फुटांहून मोठं घर. तिसरा म्हणजे १५० ते ३०० पौंडांचं, साडेतीनशे ते पाचशे चौरस फुटांचं. तुमचं घर वर्णनावरून तिसऱ्या दर्जाचं वाटतं: दर्शनी रुंदी सतरा-अठरा फूट, प्रत्येक मजल्यावर दोन खिडक्या. थर्ड रेट या शब्दाने खट्टू होऊ नका. कारकून, दुकानदार, पेन्शनवरचा कप्तान अशा मध्यमवर्गाचं ते घर होतं, आणि लंडनचा फार मोठा भाग याच साच्यातून निघाला.

बांधायची रीतही साच्याचीच होती. जमीनमालक जमीन विकत नसे, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देई. मुदत बहुतेकदा ९९ वर्षं. लहान बिल्डर दोन-तीन घरांचे प्लॉट घेई. पहिलं वर्षभर नाममात्र भाडं असे, तेवढ्यात भिंती आणि छप्पर उभं करून तो पट्टा पुढे विकायचा आणि त्या पैशातून पुढचं घर सुरू करायचा. नेपोलियनशी चाललेलं युद्ध १८१५ साली संपलं आणि या धंद्याला उधाण आलं. १८२५च्या डिसेंबरमध्ये बँका कोसळल्या तेव्हा कितीतरी रांगा अर्ध्यातच थांबल्या. तुमच्या रांगेतली दोन घरं बाकीच्यांपेक्षा इंचभर ठेंगणी आहेत असं तुम्ही लिहिलंय. तिथे बहुधा बिल्डर बदलला असावा.

इतके वेगवेगळे लहान बिल्डर असून रांग एकसंध दिसते, कारण जमीनमालकाचा सर्व्हेअर दर्शनी भागाचं रेखाटन आधीच देत असे. वीस घरं मिळून एक चेहरा. मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला उभं राहून पाहिलं असेल तर कल्पना येईल. तिथेही इमारती वेगळ्या आणि चेहरा एकच, शिवाय कल्पनाही इथूनच गेलेली. म्हणून ऑफिसर तुमच्या घराकडे एक घर म्हणून बघतच नाही. त्याच्या दृष्टीने ते वीस दातांमधला एक दात आहे. तुम्हाला सोन्याचा दात बसवायचाय आणि तो बत्तिशीकडे बघतोय.

आता तुमचा खरा प्रश्न: यात बघायचं काय? एका संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर जा आणि फक्त खिडक्यांची उंची बघा. तळमजल्याची खिडकी बऱ्यापैकी उंच. पहिल्या मजल्याची सगळ्यात उंच, बहुधा खोलीच्या जमिनीपर्यंत आलेली, बाहेर लोखंडी नक्षीचा अरुंद कठडा. दुसऱ्या मजल्याची एकदम आखूड. याच्या वर आणखी एक मजला असता तर तिथली खिडकी जवळपास चौकोनी असती. रुंदी सगळ्यांची सारखी, बदलते ती फक्त उंची. हे प्रमाण ग्रीक-रोमन देवळावरून, इटलीमार्गे आलंय. तळमजला म्हणजे देवळाचं जोतं, म्हणून तिथे कधीकधी गिलावा करून त्यावर दगडाच्या सांध्यांसारख्या रेघा ओढतात. वरचे मजले म्हणजे खांबांची उंची. खांब प्रत्यक्षात नाहीत, फक्त त्यांची मापं ठेवलीत. खांब पुसून टाकलेलं देऊळ म्हणा हवं तर. खिडक्यांच्या मधली कोरी वीट ही रिकामी जागा नाही. गाण्यात दोन स्वरांमधली जागा असते तशी ती मोजून सोडलेली आहे.

आणि ही उंची माणसांची उतरंडही सांगते. पहिल्या मजल्यावर ड्रॉइंग रूम, म्हणजे पाहुण्यांना मिरवायची जागा. तळमजल्यावर जेवणाची खोली. दुसऱ्या मजल्यावर मालकांचं निजणं. सगळ्यात वर मुलं आणि मोलकरणी. तळघरात स्वयंपाक. फुटपाथखाली कोळशाच्या कोठ्या असत. दारासमोरच्या फरशीत गोल लोखंडी झाकण असेल तर ते कोळसा ओतायचं तोंड. रस्त्यावरून चालणाऱ्याला खिडकी बघूनच कळे की आत कोण बसलंय. आपला वाडा चौकाभोवती वळून आत बघतो, रस्त्याला पाठ देतो. हे घर उलट आपली सगळी प्रतिष्ठा रस्त्याकडे लावून बसलंय, आणि मागच्या बाजूला कुणी बघत नाही म्हणून तिथे कुठलीही वीट कशीही लावलेली असते. मागचा भाग बघा, लगेच पटेल. याचा तुम्हाला पुढे फायदा आहे.

आतही हीच उतरंड चालू राहते. कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत मिळतात तिथली प्लॅस्टरची पट्टी, पहिल्या मजल्यावर सगळ्यात रुंद, वर जाल तशी बारीक होत जाते आणि शेवटच्या मजल्यावर नाहीशी होते. शेकोटी खाली संगमरवरी, वर साध्या लाकडाची. दरवाजांच्या चौकटींवर बारीक उभ्या पन्हळ्या आणि कोपऱ्यात गोल टिकली असेल तर तो या दशकांचा खास ठसा. जिन्याचे गज मात्र साधे, काठीसारखे, आणि हाताचा कठडा महोगनीचा. तोही वर गेल्यावर स्वस्त लाकडाचा होतो. एकदा एका मालकाने मोठ्या हौसेने सगळ्यात वरच्या झोपायच्या खोलीत खालच्यासारखी जाड कॉर्निस आणि संगमरवरी शेकोटी बसवून घेतली. खर्च दणकून झाला. ऑफिसर आला, वर बघितलं आणि म्हणाला, “हे काढा.” मालक चक्रावला, कारण त्याने तर घराची ‘शोभा’ वाढवली होती. मोलकरणीच्या खोलीला पैठणी नेसवली होती त्याने.

एवढ्या पार्श्वभूमीवर तुमच्या तीन मागण्या घेऊ. भिंत पहिली, कारण सगळ्यात गैरसमज तिथे आहे.

पुढची आणि मागची अशा दोन खोल्या, मागच्या खोलीच्या बाजूला जिना, हा या घरांचा आराखडाच आहे. ती मधली भिंत काढली की दोन खोल्यांचं घर एका बोळाचं होतं, अरुंद आणि लांबच लांब. मोकळी जागा मिळेल असं वाटतं, प्रत्यक्षात रेल्वेच्या डब्यात बसल्यासारखं होतं. हा झाला ठेवणीचा मुद्दा. पण त्याआधी एक धोका आहे. लंडनच्या घरांत वरच्या मजल्याचे वासे बहुधा पुढून मागे जातात आणि मधल्या या भिंतीवर टेकतात. ती भिंत ठोकून बघितली की पोकळ वाजते, म्हणून बिल्डर सांगतो, “साधं पार्टिशन आहे, पाडू.” आत लाकडाचा सांगाडा असतो, त्यात तिरपे आडवे टेकू असतात, आणि तो वरच्या दोन-तीन मजल्यांचं वजन घेऊन उभा असतो. अशाच एका घरात आधीच्या मालकाने भिंतीत नवं दार पाडायला एक तिरपा टेकू कापला होता. मी गेलो तेव्हा वरच्या मजल्याची जमीन जवळजवळ चार सेंटिमीटर खचली होती आणि ड्रॉइंग रूममध्ये खेळायची गोटी ठेवली की आपोआप भिंतीच्या मध्यभागी येऊन थांबायची. मुलांना फार मजा यायची, इंजिनिअरला नाही.

यावर तोडगा मूळ घरातच असतो. या काळात तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांमध्ये रुंद दुपाखी दार ठेवायची पद्धत होती. मेजवानीला ती दारं उघडून दोन्ही खोल्या एक करत. तुमच्या भिंतीत आता एकच लहान दार असेल तर प्लॅस्टरमध्ये जुन्या रुंद चौकटीची खूण सापडते का बघा. सापडली तर ते दार परत उघडायला ऑफिसर बहुधा आनंदाने हो म्हणेल. नसेल तरीही दोन्ही बाजूंना भिंतीचे दोन-अडीच फूट आणि वर छताखाली एक पट्टा ठेवून मधे रुंद उघडी जागा मागा. भिंत तिथे होती हे डोळ्यांना कळत राहिलं पाहिजे, कॉर्निस दोन्ही खोल्यांत आपापली पूर्ण फिरली पाहिजे. माझ्या अनुभवात पूर्ण भिंत मागणाऱ्यांना काहीच मिळत नाही, आणि एवढं मागणाऱ्यांना बरेचदा मिळतं.

पण मी म्हणेन, किचन तळमजल्यावर आणूच नका. ते तळघरात न्या. मुळात ते तिथेच होतं! तळघराची मागची खोली बागेला लागून असते, तिथे उतरंडीतलं सगळ्यात खालचं स्थान असल्यामुळे कॉर्निस वगैरे जपण्यासारखं फार नसतं, आणि मागची भिंत कुणाला दिसत नसल्यामुळे बागेकडे मोठं दार काढायला परवानगी मिळण्याची शक्यताही तिथेच जास्त. शिवाय एक घरगुती मुद्दा. मोठ्या उघड्या हॉलमधलं किचन मासिकातल्या फोटोत छान दिसतं, पण त्यात रोज दोन वेळा फोडणी पडत नसते. हिंग-मोहरीचा वास सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या रजयांत जाऊन बसतो. तळघरात दार लावता येतं, आणि जुन्या चुलीचं धुराडं तपासून घेतलं तर धूर बाहेर काढायची वाटही तयार असते.

आता खिडक्या. इथे आधी माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका १८२०च्या घरात कुजलेल्या चौदा खिडक्या नव्याने करून घेतल्या. सुताराने वरच्या पाखीच्या दोन्ही खालच्या टोकांना शिंगांसारखी वळणदार शेपटं ठेवली, मला ती जुनी आणि सुंदर वाटली. काचांमधल्या पट्ट्याही मजबुतीसाठी थोड्या जाड केल्या. बसवून झाल्यावर रस्त्याच्या पलीकडे गेलो आणि पोटात गोळा आला. अख्ख्या रांगेत ते एकच घर डोळ्यांत काजळ फासल्यासारखं दिसत होतं. ती शिंगं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. मोठ्या जड काचा आल्या, सांधे निखळायला लागले, म्हणून ती ठेवू लागले. १८२०च्या खिडकीला ती नसतात. सगळ्या खिडक्या मला माझ्या खर्चाने दुरुस्त करून द्याव्या लागल्या.

त्या पट्ट्या बारीक का, याचं कारण करात आहे. काचेवर वजनानुसार कर होता, तो १८४५ साली गेला. म्हणून काच शक्य तितकी पातळ करत. नळीच्या टोकाला फुगवून, गरगर फिरवून तिची तबकडी करायची आणि त्यातून लहान तावदानं कापायची. पातळ, हलकी काच पेलायला लाकूडही बारीक पुरे. ही काच किंचित वाकलेली असते, त्यामुळे समोरच्या झाडाचं प्रतिबिंब पाण्यात पडल्यासारखं हलतं. तुमच्या खिडकीकडे तिरकं बघा. काही तावदानांत हे हलणं दिसलं तर ती मूळची आहेत, त्यांना सुतारालाही हात लावू देऊ नका. नेहमीचं डबल ग्लेझिंग चौदा मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतं. ते बसवायला पट्टी जाड करावी लागते, काच दुप्पट जड होते म्हणून खोक्यातली वजनं बदलावी लागतात, आणि दोन काचांमुळे प्रतिबिंबही दुहेरी पडतं. हा ऑफिसरचा हट्ट नाही, सोप्या भूमितीची गोष्ट आहे.

थंडीचं मात्र काहीतरी केलंच पाहिजे. तुमचं बिल मला समजतं, मीही याच हवेत राहतो. पहिली गोष्ट म्हणजे फटी. वरखाली सरकणाऱ्या जुन्या खिडकीत बऱ्याचदा काचेपेक्षा फटींमधून जास्त उष्णता जाते. कडांना ब्रशच्या बारीक पट्ट्या बसवा, दोऱ्या आणि वजनं नीट करा. दुसरं, खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी पॅनेलांवर टकटक करा. आत घडी घातलेली झडपं असतील, बऱ्याचदा कुणीतरी रंगाने किंवा खिळ्याने बंद करून टाकलेली. ती मोकळी करा आणि रात्री लावा. तिसरं, आतल्या बाजूने सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे स्वतंत्र पातळ चौकटीतली दुसरी काच. झडपांशी तिचं भांडण होऊ शकतं, मोजमाप आधी करा. रस्त्याचा आवाजही त्याने बराच कमी होतो. व्हॅक्युम ग्लेझिंग, म्हणजे मधली हवा काढून घेतलेली दुहेरी काच, साधारण सहा ते आठ मिलिमीटरमध्ये येतं. जिथे मूळ काच आणि मूळ लाकूड दोन्ही आधीच गेलंय तिथे ते काही कौन्सिलं मान्य करतात, काही करत नाहीत.

आणि एक, कदाचित तुमच्याही घरी असेल. रांगेत एखादी विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की प्रत्येक जण विंडो टॅक्सची गोष्ट सांगतो. तो कर खरा होता, १६९६ ते १८५१. पण यातल्या बऱ्याच खिडक्या पहिल्या दिवसापासून खोट्या आहेत. मागे जिना किंवा धुराडं असे, आणि बाहेरून चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा असे. त्यामुळे ती ‘उघडून’ देण्याची परवानगी मागायच्या आधी आतून काय आहे ते बघून घ्या.

छपराबद्दल मी तुम्हाला फारशी आशा दाखवणार नाही. तुमच्या घराचं छप्पर बहुधा दोन पाखांचं आहे, पण आपल्या कौलारू घराच्या उलट. पाखं दोन्ही सामाईक भिंतींवरून आत उतरतात आणि मधल्या पन्हळीत भेटतात. ती पन्हळ मागच्या बाजूला रिकामी होते. पुढून कठड्यामुळे काहीच दिसत नाही, मागून मात्र ओळीने इंग्रजी व्ही अक्षरं दिसतात. त्या छपराखाली खोली काढायची म्हणजे ते छप्पर काढून टाकायचं. रांगेत आधीच निम्म्या घरांवर मजले चढले असतील तर बोलता येईल. एकही चढला नसेल तर त्या अर्जाचे पैसे पन्हळीच्या शिश्याच्या पत्र्यावर खर्च करा. ती पन्हळ तुंबली की पाणी थेट घराच्या मधोमध उतरतं, आणि तुम्ही ज्या भिंतीबद्दल विचारलंय तिचा लाकडी सांगाडा कुजायला सुरुवात तिथूनच होते. दर शरदात पानं काढायला माणूस चढवा.

तुम्ही विचारलं नाही तरी विटांबद्दल सांगतो, कारण पुढचा बिल्डर तुम्हाला नक्की सांगेल, “पुढची भिंत सिमेंटने दरजा भरून पक्की करू.” करू देऊ नका. ती पिवळट वीट लंडनच्या मातीची आहे, तिच्यात शहराच्या चुलींमधली राख मिसळून भाजलेली. ती मऊ आहे आणि चुन्यात बसलेली आहे. पाणी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडतं. सांधा सिमेंटने बंद केला की ते विटेतून बाहेर पडायला बघतं, मग हिवाळ्यात गोठतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. खेरीज या दर्शनी भिंती दिसतात तेवढ्या प्रामाणिक नसतात. बाहेर महागड्या विटेचा पातळ पडदा, आत स्वस्त वीट, आणि दोघींना बांधणाऱ्या आडव्या विटा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या तोडून नुसत्या दिखाव्याला लावलेल्या. मधे मधे पुरलेलं लाकूड आता कुजलेलं. म्हणून भिंतीला पोट सुटतं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे रस्त्यावरून तिरकं बघा. थोडं पोट असलं तर घाबरू नका, बहुतेकांना आहे. ते वाढतंय का, हे इंजिनिअरला वर्षभर मोजू द्या. वाढत असेल तर स्टीलच्या सळयांनी ती मजल्यांशी बांधता येते, बाहेरून काही कळतही नाही.

जमिनी तिरक्या आहेत, दारं वरून तिरकी कापलेली आहेत, ही तक्रारही तुमच्या यादीत आहे. घरं बांधल्यावर पहिल्या काही वर्षांत बसली, सुतारांनी दारं त्या तिरकेपणाला जुळवून घेतली आणि गेली दीडशे-दोनशे वर्षं ती तशीच सुखाने लागतात. सरळ करायला गेलात तर एक सरळ कराल आणि पाच वाकडी होतील.

परवानगीविषयी थोडकंच. लिस्टिंग फक्त दर्शनी भागाचं नसतं, आतलं सगळंच त्यात येतं, अगदी तळघरातली फरशीसुद्धा. परवानगीशिवाय केलेलं काम हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेल्या कामाबद्दल तुमच्यावर खटला चालत नसला तरी ते पूर्ववत करण्याची नोटीस तुम्हाला येऊ शकते. घर घेताना वकिलाने हे तपासलं का, ते आज विचारा. सामाईक भिंतीला तुळई टेकवायची तर १९९६च्या पार्टी वॉल अ‍ॅक्टप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. तिथे आपली पद्धत उपयोगी पडते: आधी चहाला बोलवा, नोटीस मग द्या.

तेव्हा नवा अर्ज करताना क्रम असा ठेवा. किचन तळघरात, मधल्या भिंतीत दुपाखी दार, खिडक्यांची दुरुस्ती आणि आतून सेकंडरी ग्लेझिंग, छप्पर आहे तसं. मुलांसाठी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, तुमचं निजणं पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत. ड्रॉइंग रूमचा थाट थोडा कमी होईल, पण मधली दारं उघडी ठेवलीत तर कळणारही नाही. औपचारिक अर्जाआधी प्री-अ‍ॅप्लिकेशन सल्ला घ्या. फी लागते, पण तोच ऑफिसर तेव्हा जास्त मोकळेपणाने बोलतो. त्याला तुमच्या आवडीनिवडी सांगण्यापेक्षा प्रत्येक मजल्याचा नकाशा काढून त्यावर मूळचं काय आणि नंतरचं काय हे दोन रंगांत दाखवा. त्याचं निम्मं काम तुम्ही केलेलं असेल.

आणि मला दोन फोटो टाका. एक, मधल्या भिंतीतल्या सध्याच्या दाराच्या चौकटीचा, कोपऱ्याजवळून, टॉर्च बाजूने धरून. पन्हळ्या आणि टिकली आहे का ते बघायचंय. दुसरा, तळघराच्या मागच्या भिंतीचा, बागेतून. त्या भिंतीत खिडकीच्या खालची वीट वेगळ्या रंगाची निघाली तर तिथे पूर्वी दार होतं, आणि मग बरंच काही सोपं होईल.